मेंदूच्या मशीनआधी त्यांना विचारलंत का?

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचे मिस्टर ४७ वर्षांचे, एका सहकारी संस्थेत क्लार्क. गेली सात-आठ वर्षं रोज पितात. दोन वर्षांपूर्वी महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, त्यानंतर आठ महिने थेंबाला शिवले नाहीत. मग पुतण्याच्या लग्नात एक पेग झाला आणि पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं. आता सकाळी चहाचा कप धरताना त्यांचे हात थरथरतात. पुण्यात शिकणाऱ्या मुलाने एका क्लिनिकचा व्हिडिओ पाठवलाय: डोक्याला वायरी लावून मेंदूचा रंगीत नकाशा काढतात, त्यात ‘दारूचा भाग’ लाल दिसतो, चाळीस सेशनमध्ये तो शांत होतो आणि शंभरातले ऐंशी जण कायमचे सुटतात. खर्च एक लाख नव्वद हजार. ताई पाटल्या मोडायच्या विचारात आहेत. त्या लिहितात, “मेंदूतच बिघाड असेल तर मशीननेच दुरुस्त होईल ना? केंद्राचे पैसे तर वायाच गेले. मिस्टरांना अजून काही सांगितलेलं नाही. आधी सगळं ठरवू आणि मग त्यांना घेऊन जाऊ, असं मुलगा म्हणतो. पैसे भरू का?”

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती थांबू शकत नाही. मिस्टरांचे हात थरथरतात, हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. रात्रभर दारू मिळाली नाही की त्यांचं शरीर सकाळी ती मागतं, त्याची ही थरथर आहे. अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नसते. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भास होतात, घाम फुटतो, ताप चढतो, समोरचं माणूस ओळखू येत नाही. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो. म्हणून देवापुढे हात ठेवून ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ त्यांना घालू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या. तिथे काही दिवस औषधांवर आणि बी-१ जीवनसत्त्वावर ठेवून दारू उतरवतात. यालाच डिटॉक्स म्हणतात. कुठलंही क्लिनिक ‘सकाळी हात कापतात का’ एवढंही न विचारता सेशनचे पैसे भरून घ्यायला तयार असेल, तर तिथून परत फिरा.

आता मशीन. तुमच्या मुलाने ज्या आशेने व्हिडिओ पाठवला त्या आशेचा मला आदर आहे. वडिलांवर चिडून फोन बंद करणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, हा मुलगा मात्र उपाय शोधतोय. पण व्हिडिओत जे दाखवलंय आणि संशोधनाच्या जगात ज्याला मेंदूच्या इमेजिंगवरचं न्यूरोफीडबॅक (आपल्याच मेंदूचं काम पडद्यावर पाहून ते बदलायला शिकणं) म्हणतात, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोपी आणि वायरी असतील तर तो ईईजी. तो कवटीवरून मेंदूच्या विद्युत लहरी टिपतो. तलफेशी संबंध असलेले स्ट्रायटमसारखे भाग मेंदूच्या खोलात असतात आणि या टोपीला ते नीट दिसत नाहीत. म्हणून ‘हा लाल भाग म्हणजे दारू’ असं कुणी बोट ठेवून दाखवलं, तर मी सावध होते.

दुसरं तंत्र एफएमआरआयचं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे प्राणवायूने भरलेलं रक्त जास्त पोचतं. हा फरक एमआरआयमध्ये पकडता येतो, हे १९९० मध्ये सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे कॉम्प्युटर वेगवान झाले आणि तो बदल माणूस मशीनमध्ये झोपलेला असतानाच त्याला दाखवता येऊ लागला.

हे आत कसं असतं ते सांगते, कारण व्हिडिओत यातलं काही दिसत नसणार. माणूस बोगद्यासारख्या मशीनमध्ये उताणा झोपतो. अंगावर धातूची वस्तू चालत नाही. चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखं हेल्मेट, त्यात एक छोटा आरसा आणि आरशात पडदा. कानात बोळे घालूनही ठकठक, घर्रर्र असा आवाज येत राहतो. डोकं जरा हललं तरी मोजमाप बिघडतं. पडद्यावर बिअरचा फेसाळता ग्लास येतो आणि शेजारी थर्मामीटरसारखी एक पट्टी. फोटो पाहून मेंदूचा तो भाग जागा झाला की पट्टी वर चढते. माणसाला एवढंच सांगितलेलं असतं: ही पट्टी खाली आण. कशी, ते त्याचं त्याने शोधायचं. कुणी मुलीचा चेहरा आठवतं, कुणी उलट्यांची रात्र आठवतं, कुणी मनात आकडे मोजतं. आणि रक्तप्रवाहाचा बदल पाचेक सेकंद उशिरा दिसतो, त्यामुळे आत्ताच्या प्रयत्नाचं फळ थोड्या वेळाने पट्टीवर उमटतं. कंटाळा येतो, चिडचिड होते, आणि तरीही करत राहावं लागतं.

म्हणजे मशीन त्या माणसाच्या मेंदूला काही करत नाही, ताई. ते आरसा धरतं. व्यायाम आत झोपलेल्याने करायचा असतो.

हे तंत्र दारूच्या व्यसनावर चालतं का, हे ब्रिटनमध्ये नीट तपासलं गेलं. डिटॉक्स पूर्ण केलेल्या ५२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि शिवाय चार महिन्यांत एफएमआरआयची सहा सेशन्स. वर्षभर दोघांवर लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन्ही गटांचं पिणं खूपच कमी राहिलं होतं, आणि मशीनच्या गटाने बाजी मारली असं म्हणायला आधार मिळाला नाही. ५२ ही संख्या लहान आहे, म्हणून यावरून दार कायमचं बंद होत नाही. संशोधन चालू राहावं असं मलाही वाटतं. पण पाटल्या मोडून विकत घ्यावा असा उपचार तो आज नाही.

या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. त्या रुग्णांना फक्त दारूचे फोटो पाहून पट्टी खाली आणायला शिकवलं नव्हतं. पिण्याऐवजी आयुष्यात जे हवंसं वाटतं त्याची चित्रं पाहून पट्टी वर न्यायलाही शिकवलं होतं. हे वाचताना तुमच्या पत्रातली एक ओळ आठवली. ‘त्या आठ महिन्यांत गुरुवारी देवळात भजनाला पेटी वाजवायला जायचे’ असं तुम्ही लिहिलंय. एकच ओळ, आणि लगेच पुढचं वाक्य पैशांचं. मी त्या ओळीवर थांबले. ती पेटी आता कुठे आहे?

क्लिनिकच्या ‘ऐंशी टक्क्यां’बद्दलही बोलू. हा आकडा त्यांनी कुठून आणला, हे त्यांनाच विचारा. अशा मोठ्या दाव्यांमागे पुष्कळदा १९८९ चा एक गाजलेला अमेरिकन अभ्यास असतो. पेनिस्टन आणि कुलकोस्की या दोघांनी दारूचं व्यसन असलेल्या दहा माजी सैनिकांना ईईजीवर शिकवलं आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या दहा जणांशी तुलना केली. शिकलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे दारूपासून दूर राहिले. त्या वेळी अनेकांना यातून खरी उमेद मिळाली. पण दहा माणसांवरून काढलेली टक्केवारी म्हणजे गल्लीतल्या दहा घरांवरून जिल्ह्याचा निकाल सांगणं आहे. शिवाय कुणी आपल्याकडे तासन्‌तास लक्ष देतंय, आपल्याला काही जमतंय, या भावनेनेही माणूस सुधारतो. ते लक्ष कुठलं आणि लहरींचा परिणाम कुठला, हे वेगळं काढण्यासाठी मोठ्या तुलना लागतात.

खरं यश कसं दिसतं ते सांगते. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार भेटींत बोलायचं. पुरुष ३७७. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. शंभरात दहा जण जास्त. व्हिडिओतल्या ऐंशीपुढे हे किरकोळ वाटेल, पण हे दहा खरे आहेत, आणि तिथे कुणाचे दागिने मोडले नव्हते. तुमच्या मिस्टरांचं व्यसन याच्या पुढच्या टप्प्यावर आहे, त्यांना चार भेटी पुरणार नाहीत. पण ज्यांच्या घरी पिणं वाढलंय आणि हात अजून थरथरू लागलेले नाहीत, त्या वाचकांनी हे मनावर घ्यावं. बोलणं लवकर सुरू झालं तर थोड्या बोलण्यानेही फरक पडतो.

तुमच्या एका वाक्याशी मी भांडणार आहे. ‘मेंदूतच बिघाड असेल तर मशीननेच दुरुस्त होईल.’ व्यसनाने मेंदू बदलतो, हे खरं. म्हणूनच ‘इच्छाशक्ती नाही, संसाराची काळजी नाही’ हे सासरच्यांचं बोलणं मला मान्य नाही आणि तुम्हीही ते मनातून काढा. पण मेंदू काही मिक्सर नाही की दुकानात टाकला आणि दुरुस्त करून आणला. तो रोजच्या वागण्याने घडतो. रोज संध्याकाळी त्याच चौकातून, त्याच पाटीसमोरून, त्याच दोस्तांबरोबर जाऊन तो असा घडलाय. वेगळं वळण पडायचं तर तेही रोज गिरवावं लागेल आणि त्याला महिने लागतील.

मग केंद्राचे पैसे वाया गेले असं कसं म्हणता? सात-आठ वर्षं रोज पिणारा माणूस दोनशे चाळीस संध्याकाळी न पिता घरी आला. तुम्हीच लिहिलंय की फॉलोअपला ते पहिले तीन महिने गेले, मग मार्चअखेरची कामं निघाली, रजा मिळेना आणि जाणं सुटलं. लग्नातला पेग त्यानंतर पाच महिन्यांनी. मला यात उपचार फसलेला दिसत नाही, अर्ध्यावर सुटलेला दिसतो. रक्तदाबाची गोळी बंद केली आणि दाब चढला तर आपण गोळीला नावं ठेवत नाही. एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ गटाच्या, मीटिंगमध्ये याला स्लिप म्हणतात. तिथे स्लिप झालेला माणूस मान खाली घालून परत येतो आणि बाकीचे त्याला खुर्ची देतात. तुमच्या घरात ती खुर्ची कुणी दिली का? की लग्नाहून परतल्यावर सगळ्यांनी पंधरा दिवस अबोला धरला?

हे तुम्हाला टोचावं म्हणून विचारत नाही. अबोला धरणाऱ्याचंही काळीज तुटलेलं असतं, हे मला माहीत आहे.

आता पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट. तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात मुलगा बोलतो, सासूबाई बोलतात, क्लिनिकच्या रिसेप्शनवरची मुलगी बोलते. मिस्टरांच्या तोंडचं एकही वाक्य नाही. त्यांच्या मेंदूबद्दल सगळं ठरलंय आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. ‘आधी ठरवू आणि मग घेऊन जाऊ’ हा बेत न्यूरोफीडबॅकसाठी तर अगदीच निरुपयोगी आहे, कारण ज्याला पट्टी खाली आणायचीच नाही त्याच्यासाठी कुणीही ती खाली आणू शकत नाही. आणि हे बाकीच्या उपचारांनाही लागू आहे.

याच ओघात एक इशारा. ‘पेशंटच्या न कळत दारू सोडवा’ अशा पाट्या एसटी स्टँडवर दिसतात. भाजीत, चहात पावडर घालायचा मोह होतो. त्यात काय असतं याचा भरवसा नसतो. काहींत डायसल्फिराम असू शकतं. हे खरं औषध आहे, पण ते घेऊन वर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय नाजूक असेल तर माणूस दगावू शकतो. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. शिवाय एकदा पावडर सापडली की तो तुमच्या हातचं जेवणही संशयाने जेवेल.

तर त्यांच्याशी बोला. संध्याकाळी नको, पिऊन आल्यावर तर नकोच. रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, मुलगा आणि सासूबाई समोर नसताना. वीस वर्षांचा हिशोब काढू नका. तुम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगा, “काल सकाळी कप सांडला तेव्हा मी घाबरले.” मग विचारा, “त्या आठ महिन्यांत तुम्हाला काय बरं वाटत होतं? आणि लग्नात नेमकं काय झालं?” आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित ते उठून जातील, तर जाऊ द्या. पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. ‘मी माहेरी जाईन’ अशी धमकी, खरंच जाणार असाल तरच तोंडातून काढा.

ते हो म्हणाले की आधी डिटॉक्स. त्यानंतर तलफ कमी करणाऱ्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा. नाल्ट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही दोन नावं लिहून न्या. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून यातलं कुठलं चालेल ते ते ठरवतील. सगळ्यांना गुण येत नाही, पण न्यूरोफीडबॅकपेक्षा यांची पारख कितीतरी जास्त झालीय, आणि महिन्याचा औषधखर्च बहुधा त्या क्लिनिकच्या एका सेशनच्या फीपेक्षा कमीच येईल. पुन्हा निवासी उपचारांची गरज पडली तर केंद्र निवडताना एकच गोष्ट खोदून विचारा: बाहेर पडल्यावर वर्षभर पाठपुरावा कसा करता? पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये १९८६ पासून हे काम चालू आहे. तिथला निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा असतो. जवळपास एएची मराठी मीटिंग कुठे भरते याचीही चौकशी करा. तिला पैसे लागत नाहीत. फोनवरून सुरुवात करायची तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ माणसांमागे एकालाच काही उपचार मिळालेले असतात. तुमच्या मिस्टरांना एकदा मिळालेत, म्हणजे दार कुठे आहे ते त्यांना ठाऊक आहे.

हे सगळं चालू झाल्यावर, तीन-चार महिने न पिता गेल्यावर, मिस्टरांनाच उत्सुकता वाटली आणि ऐपतीत बसलं, तर न्यूरोफीडबॅक जोडीला करून पाहायला माझी हरकत नाही. एखाद्या मोठ्या सरकारी संस्थेत याचं संशोधन चालू असेल आणि ते विनाशुल्क सहभागी करून घेत असतील तर उत्तमच. क्लिनिकला मात्र विचारायचं: इथे मानसोपचारतज्ज्ञ रोज असतात का? मिस्टरांची औषधं चालू ठेवणार का? पाच सेशननंतर थांबलो तर उरलेले पैसे परत मिळतील का? पहिल्या भेटीतच पूर्ण रक्कम मागत असतील तर पुढचं विचारायची गरज नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘साडेसात वाजले की कुकरची शिट्टी झाली तरी ऐकू येत नाही, कान फाटकाच्या कडीकडे. कडी नीट लागली तर आज कमी आहे. दोनदा आपटली तर मी मुलाच्या खोलीत जाऊन बसते.’ ताई, बारची पाटी पाहून त्यांच्या मेंदूत जसं काही हलतं, तसंच या कडीने तुमच्या मेंदूला शिकवलंय. सात-आठ वर्षं, रोज. तुमच्या पत्रात तुमची झोप, तुमची पाठ, तुमचं वजन यांबद्दल अक्षर नाही. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट आहेत, ‘मुक्तांगण’मध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. मिस्टर तयार होवोत न होवोत, तुम्ही जा. त्यांच्या ‘हो’साठी तुमचा उपचार अडायला नको. ते हात उचलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. ज्या वाचक भगिनींच्या घरी मारहाण होते त्यांनी रविवारची वाट पाहू नये. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. व्यसन हा आजार आहे म्हणून मार सहन करायचा, असं कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही.

मुलाला हे उत्तर वाचायला द्या. त्याला वाईट वाटेल, कारण त्याला वाटत होतं की सापडलं. त्याला म्हणावं, तुझी मदत हवीच आहे, फक्त वेगळी. महिन्यातून एकदा फॉलोअपच्या दिवशी गावी ये आणि बाबांबरोबर बसने जा. जाताना व्यसनावर बोलायचं नाही, कॉलेजचं बोलायचं.

पाटल्या तूर्त राहू द्या. रविवारी मिस्टर काय म्हणाले ते कळवा. आणि ती पेटी कुठे आहे, तेही.